लंबक, तार आणि आरसा

पदार्थविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात सुरुवातीलाच एक विषय येतो. इंग्रजी पुस्तकांवर त्याचे नाव ‘ऑसिलेशन्स, वेव्हज अँड ऑप्टिक्स’ असे असते. मराठीत सांगायचे तर आंदोलने, तरंग आणि प्रकाशशास्त्र. (वृत्तपत्राच्या वाचकाला ‘आंदोलन’ म्हटले की मोर्चा आठवतो, पदार्थविज्ञानातील आंदोलन म्हणजे एखाद्या मध्यस्थितीच्या दोन्ही बाजूंना पुन:पुन्हा होणारी हालचाल, मग ती लंबकाची असो वा झोपाळ्याची.) सापेक्षता सिद्धांत किंवा पुंजयामिकी या विषयांभोवती जे वलय असते, ते या विषयाला नाही. लंबकाचे सूत्र, ताणलेल्या तारेचे सूत्र, सोडियम दिव्याच्या प्रकाशाची तरंगलांबी काढण्याचा प्रयोग, काही ठरावीक गणिते, एवढ्यावर त्याची बोळवण होते. विद्यार्थी त्याला ‘हक्काचे गुण मिळवून देणारा पेपर’ मानतात आणि परीक्षा संपली की विसरतात.

हे विसरणे महाराष्ट्राला यापुढे परवडणारे नाही, असे म्हणण्यास एक ठोस कारण आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जाणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने या प्रकल्पास तत्त्वत: मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. या वेधशाळेविषयी लिहिताना बहुधा आइन्स्टाइन आणि कृष्णविवरे यांचाच उल्लेख होतो. तो योग्यच आहे. परंतु जे यंत्र तेथे बसणार आहे, त्याचा सांगाडा मात्र पदवीच्या पहिल्या वर्षातील या तीन प्रकरणांनीच बनलेला आहे. लंबक, तार आणि आरसा यांच्यापलीकडे त्यात फार थोडे आहे. जे आहे ते टोकाच्या काटेकोरपणाने केलेले आहे.

मोजायचे काय?

दोन प्रचंड वस्तुमानाचे गोल एकमेकांभोवती वेगाने फिरू लागले की अवकाशातच लहरी उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये दाखविले. अशी लहर आपल्या अंगावरून जाते तेव्हा एका दिशेतील अंतरे किंचित ताणली जातात आणि तिच्याशी काटकोनातील दिशेची अंतरे तेवढीच आकसतात; पुढच्या अर्ध्या आवर्तनात याच्या उलट घडते. प्रश्न आहे तो ‘किंचित’ या शब्दाचा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी जी लहर प्रथम पकडली गेली, तिच्यामुळे अंतरांत झालेला बदल सुमारे दहाच्या एकविसाव्या घातास एक, म्हणजे एकावर एकवीस शून्यांच्या संख्येत एक, इतका होता. सूर्य सोडल्यास आपल्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्याचे अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. त्या अंतरात एका केसाच्या जाडीएवढा फरक पडावा, असे हे प्रमाण आहे.

अमेरिकेतील लायगो वेधशाळेच्या दोन्ही केंद्रांत प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, एकमेकींशी काटकोन करणाऱ्या दोन निर्वात नळ्या आहेत. चार किलोमीटरमधील हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या हिश्श्याएवढा भरतो. जमिनीची रोजची थरथर याहून कोट्यवधी पटींनी मोठी असते. दूरवरच्या रस्त्यावरून जाणारा ट्रक, झाडांना हलविणारा वारा, शेकडो किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर आपटणाऱ्या समुद्राच्या लाटा, या सर्वांनी जमीन हलत राहते. या गलबल्यातून ती कुजबुज ऐकायची कशी?

कुलूप आणि दोरा

उत्तराचा पहिला भाग लंबकाच्या प्रकरणात आहे, आणि तो वाचकांना घरी पाहता येईल. साधारण पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला एक कुलूप बांधावे आणि दोऱ्याचे दुसरे टोक हातात धरावे. कुलूप मोकळे सोडले तर ते एका सेकंदात एक हेलकावा पूर्ण करते. ही त्याची स्वत:ची, स्वाभाविक गती. आता हात अगदी सावकाश डावीकडे-उजवीकडे न्यावा. कुलूप निमूटपणे हाताबरोबर जाते. हात सेकंदाला एक फेरी या गतीने हलविला की कुलूप बेभान होते. हाताची हालचाल बोटभर असली तरी हेलकावा हातभर होतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. पाठ्यपुस्तके सहसा येथेच थांबतात, कारण गणितातील सर्वांत नाट्यमय भाग येथे असतो.

खरी गंमत त्यापुढची आहे. हात आणखी भराभर, सेकंदाला चार-पाच वेळा हलवावा. सुरुवातीची गडबड ओसरली की कुलूप जवळजवळ जागच्या जागी उभे राहिलेले दिसेल. हात दोन सेंटिमीटर हलत असताना कुलूप जेमतेम मिलिमीटरभर हलते, तेही हाताच्या उलट दिशेने. वर कितीही धावपळ चालू असली तरी खाली तिची वार्ता पोहोचत नाही. गणित असे सांगते की, हलविण्याची वारंवारता स्वाभाविक वारंवारतेच्या जितक्या पट, त्या पटीच्या वर्गाने खालचे हलणे कमी होते. दहा पट वारंवारतेला शंभरावा भाग.

आता या लंबकाला दुसरा लंबक टांगला, त्याला तिसरा आणि तिसऱ्याला चौथा, तर? प्रत्येक पायरीवर शंभराने भाग जातो. हिशोबाच्या सोयीसाठी प्रत्येकाची स्वाभाविक वारंवारता सेकंदाला एक धरली, तर सेकंदाला दहा वेळा हलणाऱ्या जमिनीचा चौथ्या लंबकावर दहा कोटीवा भागच उतरतो. लायगोचे आरसे नेमके असेच, चार मजली लंबकांच्या तळाशी टांगलेले आहेत. प्रत्येक आरसा चाळीस किलो वजनाच्या, अतिशय शुद्ध सिलिका काचेचा असून तो सुमारे साठ सेंटिमीटर लांबीच्या चार काचतंतूंवर लोंबतो. तंतूची जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी आहे. वरच्या मजल्यांना आधार देणारी यंत्रणा जमिनीची हालचाल सतत मोजून तिच्या उलट ढकलत राहते, हे वेगळे. त्या यंत्रणेचा खर्च आणि कौशल्य मोठे आहे, परंतु तत्त्व कुलपाचेच.

अर्थात लंबकाचे हे ऋण जुने आहे. हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ तयार केले. १६६५ मध्ये आजारी पडून अंथरुणाला खिळले असताना त्यांच्या ध्यानात आले की, एकाच आधारावर टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने बरोबर एकमेकांच्या उलट दिशेने झुलू लागतात. मुद्दाम विस्कटले तरी पुन्हा तसेच जुळतात. आधाराच्या लाकडातून जाणारी, डोळ्यांना न दिसणारी थरथर दोघांना बांधून ठेवत होती. प्रकाश हा तरंग आहे, असे मांडणारा ग्रंथ १६९० मध्ये प्रसिद्ध केला तोही याच हायगेन्स यांनी. लंबक आणि प्रकाश हे दोन निराळे विषय आहेत, असे त्यांना वाटले नव्हते. तसे वाटणे ही नंतरच्या प्रश्नपत्रिकांची देणगी होय.

गाणारी काच

लंबकाचा दोरा आपण वजनरहित धरतो. प्रत्यक्षात तो एक ताणलेली तार असतो, आणि ताणलेली तार छेडली की वाजते. तानपुऱ्याच्या तारेवर स्थिर तरंग उभे राहतात. संपूर्ण तार एका कमानीत हलते तो मूळ स्वर, दोन कमानींत हलते तो त्याच्या दुप्पट वारंवारतेचा, तीन कमानींत हलते तो तिप्पट. लायगोच्या आरशांना पेलणारे काचतंतूही असेच वाजतात. त्यांचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे पाचशे कंपनांचा आहे आणि त्याचे वरचे स्वर वेधशाळेच्या नोंदींत उंच सुळक्यांसारखे उभे दिसतात. शास्त्रज्ञांनी त्यांना ‘व्हायोलिन मोड’ असे नाव दिले आहे.

हे तंतू छेडते कोण? कोणीही नाही, उष्णता. पूर्ण शून्याच्या वरच्या तपमानाला कोणतीही वस्तू अगदी स्वस्थ बसत नाही. तिचे अणू थरथरत असतात आणि ती थरथर तारेच्या कंपनांतही उतरते. ही टाळता येत नाही. मग तंतूसाठी पोलाद न वापरता काचच का निवडली, याचे उत्तर आंदोलने विरत जाण्याच्या प्रकरणात सापडते. काशाची घंटा एकदा वाजवली की बराच वेळ घुमत राहते. लाकडाच्या फळीवर ठोकले तर ‘ठक्’ होऊन आवाज संपतो. जी वस्तू दीर्घकाळ घुमते, तिचा स्वर अतिशय शुद्ध आणि अरुंद असतो. जी चटकन विरते, तिचा आवाज सर्व वारंवारतांवर पसरलेला असतो. शुद्ध सिलिकाचा तंतू घंटेच्या जातीचा, किंबहुना घंटेहूनही फार वरच्या दर्जाचा आहे. उष्णतेने दिलेली त्याची थरथर पाचशेच्या आसपासच्या एका अरुंद सुळक्यात आणि लंबकाच्या स्वत:च्या हेलकाव्याच्या गतीत गोळा होते. मधला विस्तीर्ण पट्टा, जिथे गुरुत्वीय लहरी ऐकायच्या आहेत, तो शांत राहतो. गोंगाट नाहीसा करता येत नसेल तर तो एका कोपऱ्यात लोटावा, असा हा व्यवहार आहे. मंदनाचे समीकरण फळ्यावर सोडविताना ही गोष्ट सांगणारा शिक्षक विद्यार्थ्याला भेटला, तर तो भाग्यवान.

तारेची उपमा प्रकाशालाही लागू पडते. लायगोच्या प्रत्येक नळीत दोन आरसे समोरासमोर, चार किलोमीटर अंतरावर आहेत आणि त्यांच्यामध्ये लेसरचा प्रकाश शेकडो वेळा ये-जा करतो. हा प्रकाश १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. दोन आरशांमध्ये त्याचा स्थिर तरंग उभा राहतो, तानपुऱ्याच्या तारेवर राहतो तसाच. फरक इतकाच की तारेवर दोन-चार कमानी असतात. येथे अर्ध्या तरंगलांबीची एक कमान धरली, तर चार किलोमीटरमध्ये साडेसातशे कोटी कमानी मावतात. तार स्वरात राहायची तर तिची लांबी पक्की हवी. त्याचप्रमाणे हे आरसेही ठरलेल्या जागी अत्यंत नेमके धरून ठेवावे लागतात. सुमारे तीनशे फेऱ्यांमुळे चार किलोमीटरची नळी बाराशे किलोमीटर लांबीची असल्यासारखी वागते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधील फाब्री आणि पेरो यांनी वर्णन केलेली ही रचना पदवीच्या पुस्तकात बहुधा दीड पानात उरकलेली असते.

अंधार पाहण्याचे यंत्र

तिसरा भाग प्रकाशशास्त्राचा. पदवीच्या प्रयोगशाळेत मायकेल्सनचा व्यतिकरणमापक नावाचे एक उपकरण असते. एका अर्धपारदर्शक आरशावर प्रकाश पडतो. निम्मा सरळ जातो, निम्मा काटकोनात वळतो. दोन्ही शलाका आपापल्या आरशांवरून परत येतात आणि एकत्र मिसळतात. एका शलाकेच्या तरंगाचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर आला तर उजेड, उंचवटा खळग्यावर आला तर अंधार. त्यातून उजेड-अंधाराच्या पट्ट्या दिसतात. एक आरसा अर्ध्या तरंगलांबीने सरकवला की एक पट्टी पुढे सरकते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी हे अंतर सुमारे २९५ नॅनोमीटर आहे. म्हणजे केसाच्या जाडीएवढा आरसा सरकेपर्यंत दोनशेहून अधिक पट्ट्या मोजाव्या लागतात.

अल्बर्ट मायकेल्सन यांनी हे उपकरण प्रथम वापरले ते १८८१ मध्ये, जर्मनीत. प्रकाश ज्या माध्यमातून जातो असे त्या वेळी मानले जाई, त्या ईथरमधून पृथ्वी कशी सरकते हे त्यांना पाहायचे होते. बर्लिनमध्ये प्रयोग मांडला तर रस्त्यावरील रहदारीमुळे मध्यरात्रीही पट्ट्या स्थिर राहीनात. बिऱ्हाड पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलविले. तेथेही सुमारे शंभर मीटरवर कोणी पाय आपटला तरी पट्ट्या नाहीशा होत, असे त्यांनीच नमूद करून ठेवले आहे. १८८७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे एडवर्ड मॉर्ली यांच्यासह त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा सारी मांडणी एका जाड दगडी लादीवर करून ती लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली. पट्टी ०.४ इतकी सरकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्ष सरकणे त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी भरले. ईथर सापडला नाही. मायकेल्सन यांना १९०७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे उपकरण जगभरच्या प्रयोगशाळांच्या कपाटांत गेले. १२८ वर्षांनी गुरुत्वीय लहर पकडली ती याच उपकरणाच्या थोरल्या भावाने.

लायगोमध्ये दोन्ही शलाका परतताना बरोबर एकमेकींच्या उलट कलेत येतील अशी मांडणी असते. साहजिकच, जिथे मापन करायचे तिथे जवळजवळ अंधार असतो. लहर आली, एक नळी कणभर लांबली, दुसरी आखूड झाली की अंधारात थोडासा उजेड झिरपतो. तो उजेड हीच बातमी. झगझगीत प्रकाशात किंचित फरक ओळखण्यापेक्षा काळोखात एक काजवा दिसणे सोपे, हे कोणीही मान्य करील.

येथे वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, की प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार झाला, तर ऊर्जा गेली कुठे? पुष्कळदा या प्रश्नाला ‘ती पुन्हा वाटली जाते’ असे पुस्तकी उत्तर मिळते आणि विद्यार्थी गप्प बसतो. प्रश्न मात्र चांगला आहे. अर्धपारदर्शक आरशाला दोन दारे असतात. एका दारात दोन्ही शलाका एकमेकींना पुसून टाकतात, तेव्हा दुसऱ्या दारात त्या एकमेकींना बळ देतात. सगळा प्रकाश आला त्या दिशेने, लेसरकडे परत जातो. लायगोच्या रचनाकारांनी हे उत्तर शब्दश: वापरले. त्या परतीच्या वाटेवर त्यांनी आणखी एक आरसा ठेवला. परत निघालेला प्रकाश पुन्हा यंत्रात ढकलला जातो आणि काही दशक वॅटच्या लेसरमधून नळ्यांमध्ये शंभर किलोवॅटहून अधिक प्रकाश साठतो.

इतका प्रकाश हवा कशाला? एका पट्टीशी तुलना करता आपल्याला जे मोजायचे ते पट्टीचा सुमारे तेरा हजार कोटीवा भाग आहे. तीनशे फेऱ्यांमुळे काम तितक्या पटीने हलके होते, तरी चाळीस कोटीवा भाग उरतोच. प्रकाश कणाकणांनी येतो आणि कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. एक लाख कण मोजले तर मोजणीत तीनशेची अनिश्चितता राहते, म्हणजे ०.३ टक्के, एक कोटी मोजले तर तीन हजारांची, म्हणजे ०.०३ टक्के. कण जितके अधिक, तितका अंदाज पक्का. (याही पुढे जाण्यासाठी पुंजयामिकीतील काही युक्त्या आता वापरल्या जातात, त्या मात्र पहिल्या वर्षाच्या आवाक्याबाहेरच्या.)

एक पंचमांश सेकंद

१४ सप्टेंबर २०१५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी लुइझियाना राज्यातील लिव्हिंगस्टनच्या यंत्रात आणि सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डच्या यंत्रात एक नोंद झाली. सुमारे ३५ पासून २५० पर्यंत चढत गेलेली वारंवारता आणि एकंदर काळ एक पंचमांश सेकंद. संगीताच्या भाषेत, जवळजवळ तीन सप्तकांची चढती मींड, जी पेटीवरच्या मधल्या पांढरी एकच्या किंचित अलीकडे येऊन थांबते. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत फिरत एक झाली होती; उरले ते ६२ पट. तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले होते आणि तेही सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी हे जाहीर झाले.

मींड संपल्यावर काय झाले, हे भारतीय वाचकाने आवर्जून पाहावे. एक झालेले कृष्णविवर क्षणभर घंटेसारखे घुमले आणि शांत झाले. हे घुमणे १९७० मध्ये कागदावर प्रथम दाखविले ते बंगळूरुचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी, अमेरिकेत संशोधन करीत असताना. कृष्णविवराला धक्का दिला तर त्यातून विरत जाणाऱ्या आंदोलनाची एक ठरावीक खूण बाहेर पडते, ही त्यांची गणना होती. हेलकावा हळूहळू लहान होत जाण्याचा जो आलेख पदवीचा विद्यार्थी वहीत काढतो, त्याच घराण्यातला हा आलेख. विश्वेश्वरा जानेवारी २०१७ मध्ये निवर्तले; त्यापूर्वी त्यांची खूण आकाशातून आलेली त्यांना पाहता आली.

गोंगाटातून अशी खूण वेचून काढण्याच्या गणितावर पुण्याच्या ‘आयुका’मध्ये संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या सुमारापासून काम करीत आले आहेत. अपेक्षित लहरीचा नमुना नोंदीवरून सरकवीत न्यायचा आणि दोन्ही कुठे जुळतात ते पाहायचे, हे त्याचे मूळ सूत्र. दोन तरंगांचे चढउतार जुळले तर बेरीज वाढते, न जुळले तर पुसली जाते. पुन्हा व्यतिकरणाचीच रीत, या वेळी आकड्यांवर.

हिंगोलीच का हवे?

एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही. दोन यंत्रांत लहर किती फरकाने पोहोचली यावरून आकाशातील एक वर्तुळाकार पट्टा ठरतो, एक ठिकाण ठरत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली तेव्हा इटलीतील ‘व्हर्गो’ हे तिसरे यंत्र चालू होते. त्यामुळे शोधाचे क्षेत्र सुमारे २८ चौरस अंशांपर्यंत खाली आले आणि काही तासांतच दुर्बिणींनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत तो प्रकाश गाठला. जपानचे ‘काग्रा’ हे यंत्रही आता या साखळीत आहे. अमेरिका, युरोप आणि जपान यांपासून दूर, मराठवाड्यात एक यंत्र आले की मापनाचा पाया रुंद होईल आणि दिशा अधिक नेमकी ठरेल.

जागा निवडताना जमिनीची शांतता पाहिली गेली. तरी शांत जमीनही कधी हलतेच. १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली, परभणी, नांदेड परिसराला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अशा धक्क्यात यंत्र काही काळ ‘स्वरातून’ जाणार, हे गृहीतच असते. धक्क्यानंतर ते किती लवकर पुन्हा स्वरात येते, याला महत्त्व आहे. ते काम करणारी माणसे लंबक आणि अनुस्पंदन नुसते पाठ करून आलेली असून चालणार नाही. आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञ असतीलच. पण वेधशाळा रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालवायची तर हिंगोली, परभणी, नांदेडच्या महाविद्यालयांतूनही माणसे यावी लागतील.

या संदर्भात राइनर वाइस यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१७ चे नोबेल पारितोषिक त्यांना बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांच्यासमवेत मिळाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एमआयटीत त्यांच्यावर सापेक्षता सिद्धांत शिकविण्याची पाळी आली. ते प्रयोगातले गडी; त्यातले गणित त्यांना जड जाई. मोकळ्या वस्तूंमध्ये प्रकाश पाठवून गुरुत्वीय लहर मोजता येईल का, असा एक सराव-प्रश्न त्यांनी वर्गाला घातला. प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. १९७२ मध्ये त्यांनी एक अहवाल लिहिला, ज्यात अशा यंत्राला त्रास देणाऱ्या गोंगाटांची एकेक करून गणना केलेली होती. पुढे चार दशके लायगोने जी झुंज दिली ती बव्हंशी याच यादीशी. २०२५ मध्ये वाइस यांचे निधन झाले. वर्गातील एका प्रश्नाने किती लांबचा प्रवास करावा, याला मर्यादा नसते. परंतु प्रश्न विचारला तर जावा! आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी प्रयोगवहीतील आकडे आदल्या वर्षीच्या वहीतून उतरतात, आणि ते ‘बरोबर’ असल्याने पूर्ण गुणही मिळतात.

बदल करण्यासाठी नवा अभ्यासक्रम किंवा मोठा निधी लागतो असे नाही. मायकेल्सनच्या उपकरणावर काम करताना विद्यार्थी पट्ट्या स्थिर होण्याची वाट पाहतो आणि मग मोजू लागतो. थरथरीला तो अडथळा मानतो. एक तास त्याला ती थरथरच मोजू द्यावी. शेजारच्या खोलीतून कोणी चालत गेले तर काय होते, जिन्यावरून वर्ग सुटला तर काय, रस्त्यावरून बस गेली तर काय, हे वेळेसह टिपावे. कंपनांची नोंद आजकालचा भ्रमणध्वनीही करतो. मग एक जड शहाबादी फरशी घ्यावी, तिच्याखाली स्कूटरच्या दोन-तीन ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवाव्यात, उपकरण त्या फरशीवर मांडावे आणि तीच बस पुन्हा जाण्याची वाट पाहावी. ट्यूबमधील हवा कमी-जास्त करून कोणत्या वेळी पट्ट्या अधिक शांत राहतात आणि कोणत्या वेळी उलट अधिकच नाचू लागतात, हे वहीत लिहावे. हे आकडे आदल्या वर्षीच्या वहीत मिळणार नाहीत.